खानापूर तालुक्यातील कुटुंब पाहणी: नमुना कसा निवडावा आणि कुलूपबंद घरांचे काय करावे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पदव्युत्तर प्रबंधासाठी मी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील घरांची पाहणी करणार आहे. किती घरांतील किमान एक माणूस कामासाठी गोव्यात, कोल्हापुरात किंवा पुण्यात राहतो, हा तिचा मुख्य प्रश्न आहे. चारशेपेक्षा जास्त घरे मला झेपणार नाहीत. साध्या यादृच्छिक नमुन्यात (प्रत्येक घराला सारखी संधी देऊन चिठ्ठ्या काढल्यासारखा) चारशे घरांवरून काढलेली टक्केवारी ९५ टक्के विश्वासपातळीला, म्हणजे शंभरातल्या ९५ वेळा, खऱ्या टक्केवारीपेक्षा फार तर पाच टक्केबिंदूंच्या आसपास मागेपुढे होते, त्यामुळे संख्येची मला चिंता नाही. ही चारशे घरे निवडायची कशी, येथे घोडे अडले आहे.

साध्या यादृच्छिक निवडीसाठी सर्व घरांची यादी लागते आणि हाताशी आहे ती मतदार यादी. तिच्यातून नावांच्या चिठ्ठ्या काढल्या, तर आठ मतदारांच्या एकत्र कुटुंबाला एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या आठपट संधी मिळते. शिवाय घरे तालुकाभर विखुरली, तर पश्चिमेच्या जंगलातल्या कणकुंबी-जांबोटीकडे एकेका घरासाठी दिवस मोडावा लागेल. कोटा पद्धतीने इतके पुरुष, इतक्या स्त्रिया असे ठरवून काम लवकर उरकता येते, हे खरे. पण कोणाला गाठायचे हे पाहणी करणाऱ्याच्या मर्जीवर राहते, त्रुटीचे गणित मांडता येत नाही आणि शेवटी बसस्टँडवर भेटतील तीच माणसे वहीत येतात.

म्हणून पश्चिमेचा जंगलपट्टा आणि पूर्वेचा इटगी-पारिश्वाडकडील सपाट भाग असे दोन स्तर करून, दोन्हींतून मिळून वीस गावे निवडावीत आणि प्रत्येक गावात वीस घरे घ्यावीत, असा विचार आहे. तो योग्य आहे का?

दुसरी अडचण मला अधिक छळते. निवडलेल्या घराला कुलूप असते आणि शेजारीण सांगते, “सगळी गोव्याला हाईत, चवथीला येतील.” अशा वेळी शेजारचे उघडे घर घेतले तर चालेल का?

प्रतिसाद १

शेजारचे घर मुळीच घेऊ नका. ज्या कारणाने घर बंद आहे, तेच तुम्हाला मोजायचे आहे. बंद घराच्या जागी उघडे घर घेत गेलात, तर स्थलांतराचे प्रमाण कमीच दिसणार आणि नमुना चारशेचा चार हजार केला तरी ती कसर भरून निघणार नाही. अमेरिकेत १९३६ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक मतपत्रिका परत आल्या होत्या, तरी त्यांनी लँडन यांचा विजय वर्तवला आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले. पत्ते बहुतांशी दूरध्वनी व मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले होते आणि उत्तरे धाडणारेही वेगळ्या कलाचे होते.

बंद घर नमुन्यातच ठेवा, चवथीत पुन्हा जा आणि तोवर शेजाऱ्यांकडून मोजकी माहिती टिपून ती वेगळी नोंदवा. त्यानंतरही समजा साठ घरांची काहीच माहिती मिळाली नाही आणि उरलेल्या ३४० पैकी ८५ घरांत बाहेरगावी कामाला गेलेले कोणी आढळले, तर नुसते २५ टक्के लिहून मोकळे होऊ नका. त्या साठांपैकी एकाही घरातून कोणी गेलेले नसेल तर प्रमाण २१ टक्क्यांवर येते, सगळ्यांतून गेले असतील तर ३६ टक्क्यांवर जाते. या दोन्ही मर्यादा प्रबंधात द्या.

तुमचे स्तर ठीक आहेत, कारण दोन भागांत फरक जितका मोठा, तितका स्तर पाडण्याचा फायदा जास्त. वीस गावांत वीस-वीस घरे मात्र मला पटत नाही. आपल्याकडे वाडीतला एक जण गोव्याला लागला की मागोमाग भाऊबंद जातात, म्हणजे एका गावातील घरे एकमेकांसारखी असतात. हा सारखेपणा, म्हणजे आंतर-सहसंबंध, ०.०५ इतका किरकोळ धरला, तरी प्रसरण (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) १ + १९ × ०.०५ (१९ म्हणजे गावातील वीस घरे वजा एक) म्हणजे १.९५ पट होते आणि तुमच्या चारशे घरांचे बळ साध्या यादृच्छिक २०५ घरांइतकेच उरते. चाळीस गावांत दहा-दहा घरे घेतलीत, तर ते सुमारे २७५ होते. फिरणे वाढेल, पण जमेल तितके त्याच दिशेने सरका.

गावे घरसंख्येच्या प्रमाणात संधी देऊन निवडा; मग प्रत्येक गावातून सारखीच घरे घेतली, तरी एका स्तरातील प्रत्येक घराला समान संधी मिळते. मतदार यादी बाजूला ठेवून निवडलेल्या गावापुरती घरांची यादी स्वतः करा, बंद घरांसह, आणि यादृच्छिक आकड्यापासून सुरुवात करून ठरावीक अंतराने घरे घ्या. गल्लीच्या क्रमाने यादी केलीत, तर निवडलेली घरे आपोआप गावभर पसरतात.

धागाकर्ता

आभारी आहे. चवथीला पुण्याहून चार दिवसांसाठी आलेला मुलगा ‘घरात राहणारा’ धरायचा की ‘बाहेर गेलेला’?

प्रतिसाद १

बाहेर गेलेलाच. गेल्या सहा महिन्यांत बहुतेक काळ तो कोठे राहिला, यावरून ठरवा आणि हा नियम पहिल्या घरी जाण्याआधीच लिहून ठेवा.