जखमेच्या वासामुळे आबा कुणाला भेटत नाहीत

आशाताई, अंबड:
गावातल्या आबांना तोंडाचा कॅन्सर आहे. गालाची जखम उघडी पडलीय, वास येतो म्हणून माणसांत बसत नाहीत. घरच्यांना काय सांगू?

सिस्टर, लातूर:
वास कमी होतो, ताई. 1 लिटर पाणी उकळून कोमट करा, 2 लहान चमचे मीठ घाला, त्यानं जखम धुवा. डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलच्या (वास आणणारे जंतू मारणाऱ्या औषधाच्या) गोळीची बारीक पूड रोज जखमेवर भुरभुरवा. काही दिवसांत फरक पडतो. कापूस नको, चिकटतो अन् काढताना रक्त येतं. जुनं सुती धोतर धुऊन, उन्हात वाळवून वापरा. पट्टी ओली करूनच काढा.

डॉक्टर, परभणी:
दुखत असेलच. मॉर्फिन (तीव्र दुखण्यावरचं औषध) चालू असेल तर सांगितलेल्या वेळेलाच द्या, मॉर्फिनची साधी, लगेच काम करणारी गोळी बहुधा दर 4 तासांनी असते. दुखायची वाट पाहू नका. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच, नाहीतर खडा होतो आणि घरचे गोळीच बंद करतात.

समुपदेशक, बीड:
त्यांच्यासमोर कुजबुजू नका. "बरा होईन का?" म्हणाले तर खोटं बोलू नका, "आबा, कशाची काळजी वाटते?" विचारा आणि ऐका. यंदा तूर किती, सोयाबीन किती, हेही त्यांनाच विचारून ठरवा.