१८८४ चा प्रॉव्हिडन्स ग्रेजचा विजेता मोसम: रॅडबर्नचे विजय ५९ धरायचे की ६०?

जुनीफळी:
बेसबॉलच्या नॅशनल लीगच्या १८८४ च्या मोसमाचा तक्ता मराठीत करायला घेतला आहे. संघांची बाजू सरळ आहे: प्रॉव्हिडन्स ८४ विजय आणि २८ पराभव, बोस्टन ७३ आणि ३८. अडतंय ते प्रॉव्हिडन्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, चार्ल्स रॅडबर्न याच्यापाशी. एका ठिकाणी त्याचे विजय ५९, दुसरीकडे ६०. इनिंग ६७८.२ आणि सुरू केलेले ७३ च्या ७३ सामने त्यानेच संपवलेले. आठ संघांच्या लीगमध्ये एवढा भार एकाच पिचरवर का पडला? दुसरा पिचर नव्हताच का? शिवाय त्याच्या नावावर २१६ धावा दिल्याची नोंद आहे, तरी सरासरी १.३८ कशी? आणि ऑक्टोबरमधले न्यूयॉर्कविरुद्धचे तीन सामने याच आकड्यांत मिळवायचे का? आकडे नुसते उतरवून उपयोग नाही, त्यामागचं कारणही तक्त्याखाली द्यायचं आहे.

धावफलक:
५९ आणि ६० चा वाद एका सामन्याचा आहे: २८ जुलै, फिलाडेल्फियाविरुद्ध. सुरुवात सायक्लोन मिलरने केली. पाच इनिंग टाकून तो बाजूला झाला तेव्हा आघाडी प्रॉव्हिडन्सकडे होती. उरलेल्या चार इनिंगमध्ये रॅडबर्नने एकही धाव दिली नाही आणि सामना ११–४ असा जिंकला. बेसबॉलमध्ये संघाचा प्रत्येक विजय एका पिचरच्या नावावर लिहितात, पण तो कोणाच्या खात्यात टाकायचा याचा आजच्यासारखा बांधीव नियम तेव्हा नव्हता. अधिकृत स्कोअररला रॅडबर्नचं काम जास्त परिणामकारक वाटलं, म्हणून विजय त्याला दिला. हिशेब ६० होतो तो असा. सुरुवातीच्या पिचरने किमान पाच इनिंग टाकून आघाडीवर असताना चेंडू दुसऱ्या पिचरकडे दिला आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकली तर विजय त्याचा, हा नियम १९५० पासूनचा. तो मागे जाऊन लावला की विजय मिलरकडे जातो आणि ५९ उरतात.

माझ्या मते तक्त्यात ५९ लिहून खाली टीप द्यावी, कारण आजचे अनेक संदर्भ ५९ धरतात. ६० लिहायचेच असतील तर मिलरचा एक विजय कमी करायला विसरू नका. रॅडबर्न ५९, चार्ली स्वीनी १७ आणि बाकी सगळे मिळून ८ अशी ८४ ची बेरीज आहे. एकाचा वाढवून दुसऱ्याचा तसाच ठेवला तर संघाचे विजय ८५ होतात, आणि ही चूक सहज नजरेतून सुटते.

६७८.२ हा दशांश नाही. एका इनिंगमध्ये तीन गडी बाद होतात, म्हणून .२ म्हणजे दोन तृतीयांश. आपण १२.२ षटकं म्हणजे बारा षटकं दोन चेंडू असं वाचतो, तसंच हे. सूत्रात ६७८.६७ घाला.

सरासरी म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, आणि तिच्यात फक्त ‘अर्न्ड’ धावा मोजतात, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून उरलेल्या. २१६ पैकी तशा १०४ च. १०४ गुणिले ९ म्हणजे ९३६, भागिले ६७८.६७, उत्तर १.३८. सगळ्या २१६ धरल्या तर २.८६ येतं. निम्म्याहून जास्त धावा चुकांच्या खात्यात जाणं त्या काळाला धरूनच आहे. बहुतेक क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी खेळत, कॅचरकडेही, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याकडेही, पातळ हातमोजेच असत. म्हणून १.३८ आजच्या पिचरच्या आकड्याशेजारी ठेवताना २.८६ सुद्धा छापा.

पन्नासफूट:
भाराचं निम्मं उत्तर त्या वर्षीच्या नियमांत आहे. पिचर आजच्यासारखा उंचवट्यावरून टाकत नव्हता. सपाट जमिनीवर ४ फूट रुंद आणि ६ फूट लांब चौकट आखलेली असे, तिची पुढची रेघ होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाजाच्या जागेपासून, ५० फुटांवर. चौकटीच्या आत पावलं टाकत पुढे यायची मुभा होती. मागची रेघ ५६ फुटांवर येते. आजचे ६० फूट ६ इंच पिचरच्या मागच्या पायाच्या जागेपासून मोजतात, म्हणून ५० ची थेट ६०.५ शी तुलना करून ‘साडेदहा फूट जवळून टाकायचे’ असं लिहू नका. प्रत्यक्ष फरक त्याहून बराच कमी होता.

१८८४ मध्येच नॅशनल लीगने हात खांद्यावरून आणून टाकायला परवानगी दिली. वॉकसाठी, म्हणजे फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळण्यासाठी, सहा बॉल (पट्ट्याबाहेर टाकलेले चेंडू) लागत, आजच्यासारखे चार नव्हे. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद, म्हणजे स्ट्राइकआउट; पण फाऊल, म्हणजे मारून रेषेबाहेर गेलेला, चेंडू तेव्हा स्ट्राइक धरत नसत. उलट फलंदाजाला ‘हाय’ किंवा ‘लो’ चेंडू मागता येई, म्हणजे कमरेच्या वर किंवा खाली, आणि पिचरला त्याच पट्ट्यात टाकावं लागे. त्यामुळे ९८ वॉक आणि ४४१ स्ट्राइकआउट हे आकडे आजच्या मापाने मोजता येत नाहीत. सहा बॉलमुळे वॉक कमी दिसतात, तर फाऊलचा नियम स्ट्राइकआउट अवघड करत होता. तरीही ४४१. मला तर हा आकडा ५९ पेक्षा मोठा वाटतो.

बावीसजुलै:
नियमांनी भार शक्य केला, पण तो एकट्या रॅडबर्नवर आला तो जुलैच्या एका आठवड्यात. दुसरा पिचर होता आणि उत्तम होता. स्वीनीने ७ जूनला बोस्टनच्या १९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं होतं. नऊ इनिंगच्या सामन्यातला तो आकडा १९८६ मध्ये रॉजर क्लेमेन्सने २० करेपर्यंत कुणालाही ओलांडता आला नाही.

दोघांत चुरस होती आणि रॅडबर्न नाराज होता. १६ जुलैच्या सामन्यानंतर, मुद्दाम वाईट टाकल्याचा ठपका ठेवून क्लबने त्याला निलंबित केलं. मग २२ जुलैला फिलाडेल्फियाविरुद्ध आघाडीवर असताना व्यवस्थापक फ्रँक बँक्रॉफ्टने स्वीनीला उजव्या मैदानात जायला सांगितलं. तिथे उभा असलेला मिलर पिचर म्हणून येणार होता. आजच्या वाचकाला ही अदलाबदल विचित्र वाटेल, पण दुखापत किंवा आजार असल्याशिवाय बाहेरचा बदली खेळाडू आणता येत नव्हता. पिचर बदलायचा तर मैदानावरच्या नऊ जणांतूनच, म्हणून राखीव पिचरला मैदानात कुठेतरी उभं करावं लागे. स्वीनीने नकार दिला आणि तो मैदान सोडून गेला. प्रॉव्हिडन्सला आठ जणांनिशी खेळावं लागलं, मैदानाचा एक भाग मोकळा पडला आणि सामना ६–१० असा गेला. स्वीनीची हकालपट्टी झाली.

एक पिचर निलंबित, दुसरा गेलेला. संघ विसर्जित करण्यापर्यंत गोष्ट आली होती. तेव्हा रॅडबर्नने अट घातली: राहिलेला मोसम मी टाकतो, पण जादा पैसे द्या आणि मोसम संपल्यावर मला ‘रिझर्व्ह’ यादीतून मोकळं करा. त्या यादीत नाव असलेल्या खेळाडूला क्लबच्या मर्जीशिवाय दुसरीकडे जाता येत नसे, त्यामुळे पैशांपेक्षा ही अट मोठी. क्लबने मान्य केलं. २३ जुलै ते २४ सप्टेंबर या काळात, म्हणजे विजेतेपद पक्कं होईपर्यंत, संघ ४३ सामने खेळला. त्यांतले ४० रॅडबर्नने सुरू केले आणि ३६ जिंकले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संघाने ओळीने २० सामने जिंकले.

फलंदाजीचं फार कौतुक करू नका, या संघाचं बळ चेंडू अडवण्यात होतं. पहिल्या बेसवर चाळिशी ओलांडलेला जो स्टार्ट, तिसऱ्यावर जेरी डेनी, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमध्ये, आर्थर अर्विन, मधल्या मैदानात पॉल हाइन्स आणि प्लेटमागे कॅचर बार्नी गिलिगन. गिलिगनचं नाव तक्त्यात जरूर घ्या, तो चेंडू झेलणारा कुणीतरी होता म्हणूनच रॅडबर्न टाकू शकला.

जुनीफळी:
सगळं टिपून घेतलं. ८४ अधिक २८ म्हणजे ११२, पण काही ठिकाणी सामने ११४ दिसतात. आणि बोस्टनपेक्षा १०.५ सामने पुढे, तो अर्धा सामना कुठून येतो?

धावफलक:
दोन सामने बरोबरीत सुटले, ते विजय-पराभवात येत नाहीत. टक्केवारी ८४ भागिले ११२, म्हणजे .७५०. पुढे असण्याचा हिशेब असा: विजयांतला फरक ११, पराभवांतला फरक १०, बेरीज २१, तिचं निम्मं १०.५. दोन्ही संघांनी निकाली सामने सारखेच खेळले नसतील तर अर्धा उरू शकतो. बोस्टनचे १११ आहेत.

ऑक्टोबरचे तीन सामने वेगळ्या रकान्यात टाका. ते अमेरिकन असोसिएशन या दुसऱ्या लीगच्या विजेत्या न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सशी, पोलो ग्राउंड्सवर, २३ ते २५ ऑक्टोबरला झाले. तिन्ही प्रॉव्हिडन्सने जिंकले, पहिले दोन ६–० आणि ३–१. तिन्हींत पिचर रॅडबर्नच होता आणि एकही अर्न्ड धाव गेली नाही. तिसऱ्यात न्यूयॉर्कचा मुख्य पिचर टिम कीफ पंच म्हणून उभा होता. ५९, ६७८.२ आणि १.३८ यांत हे तीन सामने धरलेले नाहीत.

बावीसजुलै:
स्वीनीच्या ओळीत एक काळजी घ्या. हकालपट्टीनंतर तो त्याच मोसमात युनियन असोसिएशन या वेगळ्या लीगमधल्या सेंट लुईसकडून खेळला आणि तिथे त्याचे २४ विजय, ७ पराभव झाले. त्यामुळे काही याद्यांत त्याच्या नावापुढे १८८४ साठी ४१–१५ असं एकत्रित दिसतं. प्रॉव्हिडन्सच्या तक्त्यात फक्त १७–८.