मदत हवी आहे: एआयकडून प्रश्न काढून घेता, तर तपासता कसे? आणि मुलांना सांगता का?

नमस्कार मंडळी,

मी हिंगोली जिल्ह्यात बी.ए.ला इतिहास शिकवतो, तासिका तत्त्वावर. दोन कॉलेजं, मध्ये तासभराची एसटी. प्रश्नपेढी, सराव चाचण्या रात्री जेवण झाल्यावरच होतात, म्हणून वर्षभरापासून चॅटजीपीटीची मदत घेतो. पंचवीस बहुपर्यायी प्रश्न दोन मिनिटांत हातात पडतात.

गेल्या महिन्यात मुक्तिसंग्रामावरचे प्रश्न घाईघाईत नीट न वाचताच झेरॉक्स करून वाटले. उत्तरसूचीत मराठवाडा 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला असं छापलेलं! मागच्या बाकावरचा पोरगा उठला. म्हणाला, "सर, तवा तर आमच्या गावात रझाकार फिरायलते म्हणायचा आज्जा. झेंडा तर 17 सप्टेंबरला असतो न्हवं?"

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 13 सप्टेंबर 1948 ला पोलीस ॲक्शन म्हणजे संस्थानावर भारताची लष्करी कारवाई सुरू झाली, 17 ला निजाम शरण आला. इथल्या शाळकरी पोरालाही हे पाठ असतं. देशाची तारीख त्या यंत्राने आपल्याला लावली आणि मधले तेरा महिने गायब केले. वर्गातच चूक कबूल केली, पण दोन रात्री झोप लागली नाही. त्या पोराचा आज्जा नसता तर?

दुसरी गोष्ट जास्त लागली. आमच्याकडे मुलांचे स्वाध्याय एआय ओळखणाऱ्या एका साइटवर टाकून बघतात. शुद्ध, नेटकं मराठी लिहिणाऱ्या एका मुलीला त्यावरून स्टाफरूममध्ये बोलावलं. ती रडत सांगत होती, "सर, मीच लिहिलंय." मी तिचं अक्षर आणि भाषा पहिल्या वर्षापासून बघतोय, माझा तिच्यावर विश्वास आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपलं ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद केलं. मग आपण असल्या साइटच्या जोरावर मुलांचे गुण कसे कापायचे? तेही स्वतः प्रश्न एआयकडूनच काढून घेऊन?

तुम्ही कसं करता? विशेषतः इतिहास, मराठी, समाजशास्त्रवाले सांगा.

प्रतिसाद १
सर, मी लातूरकडे समाजशास्त्र शिकवते. मी पहिल्याच तासाला सांगून टाकते की हे प्रश्न यंत्राने काढलेत, मी तपासलेत, तरी चूक सापडली तर दाखवा. मुलं तुटून पडतात. कधी यंत्राचा उताराच देते आणि पाठ्यपुस्तक, घरातली म्हातारी माणसं यांना विचारून चुका खोडून आणायला लावते. स्वाध्यायाची शंका आली तर साइट नाही, समोर बसवून पाच मिनिटं विचारते: हा मुद्दा कुठून सुचला, हा शब्द का वापरलास. स्वतः लिहिलेलं असलं की सांगता येतं. त्या मुलीसाठी एवढं तरी करा.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)
मॅडम, उताऱ्याचं सोमवारीच करून बघतो. त्या मुलीची तोंडी घ्या, असं उद्या विभागप्रमुखांना सांगतो. पण वर्गात ऐंशी पोरं आणि तास 48 मिनिटांचा. प्रत्येकाला पाच मिनिटं कशी बसवता?