हेगचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय: दुसऱ्या भेटीत काय पाहावे?

विधी विद्यार्थिनी, जळगाव:
हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला मी पूर्वी अभ्यासदौऱ्यात भेट दिली. पण आम्ही प्रेक्षक कक्षात बसताच साक्षीदाराच्या सुरक्षिततेसाठी खासगी कामकाज सुरू झाले आणि काचेपलीकडचे काहीच ऐकू येईना. आता पुन्हा जाण्याचा योग आहे. पीडितांच्या हक्कांवर लघुप्रबंध लिहायचा असल्याने या वेळी कशाकडे लक्ष द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भुसावळकर, सध्या नेदरलँड्स:
ताई, सुनावणी रोज असतेच असे नाही, म्हणून आधी न्यायालयाच्या संकेतस्थळावरील वेळापत्रक पाहावे. पासपोर्ट जवळ असू द्या. कामकाज इंग्रजी व फ्रेंचमध्ये चालते. भाषांतर हेडफोनवर ऐकता येते.

फौजदारी वकील, धुळे:
पीडितांचे वकील कधी उठतात आणि काय विचारतात, ते अवश्य टिपून घ्या. आपल्या सत्र न्यायालयात पीडिताने वकील दिला तरी सरकारी वकिलाला साहाय्य करणे, एवढेच बहुधा त्याच्या हाती असते. हे न्यायालय ज्या कराराने स्थापन झाले त्या रोम संविधीच्या कलम ६८(३) नुसार मात्र, आरोपीच्या न्याय्य सुनावणीच्या हक्काला बाधा न आणता, पीडितांना आपले म्हणणे थेट न्यायाधीशांपुढे मांडता येते. युगांडातील बंडखोर गटाचा सेनानी डॉमिनिक ऑंग्वेन याच्या खटल्यात चार हजारांहून अधिक पीडित असे सहभागी झाले. लहानपणी स्वतःच बंडखोरांनी पळवून नेलेल्या या आरोपीला २०२१ मध्ये ६१ आरोपांत दोषी ठरवून २५ वर्षांची शिक्षा झाली, आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशाने भरपाई ठरली ती ५ कोटी २० लाख युरोंहून अधिक. आरोपीकडे पैसा नाही. ज्या पीडित विश्वस्त निधीकडे डोळे लागले आहेत, तो ऐच्छिक देणग्यांवर चालतो. न्यायालयाने मान्य केलेला हक्क दात्यांच्या मर्जीवर टांगून राहावा, हे मला फार अस्वस्थ करते, आणि तुमच्या प्रबंधाचा गाभा मला इथेच दिसतो.

विधी अध्यापक, नंदुरबार:
वकीलसाहेबांशी मी सहमत आहे, तरी तुलना सत्र न्यायालयाशी करू नये असे वाटते. १९९८ च्या रोम परिषदेत १२० देशांनी संविधीच्या बाजूने आणि ७ देशांनी विरोधात मत दिले, तर तटस्थ राहिलेल्या २१ देशांत भारत होता. आजही आपण सदस्य नाही, म्हणून ही तुलना फार पुढे जात नाही. त्यापेक्षा बलात्कार व ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठीची आपल्या राज्याची मनोधैर्य योजना घ्या, कारण तिथेही पैसा गुन्हेगाराच्या खिशातून येत नाही. फरक असा की मनोधैर्यची मदत दोषसिद्धीसाठी थांबत नाही, तर हेगच्या भरपाईला दोषसिद्धी आवश्यक असते. जाण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन अर्जापासून रक्कम हाती येईपर्यंतचे टप्पे समजून घ्या.