वाघ फक्त शिकारीनेच मरत नाहीत
कुणीतरी म्हटलंय की वाघ संपतायत ते फक्त कातड्यासाठी शिकार करणाऱ्या टोळ्यांमुळे. टोळ्या आहेतच हो, पण आमच्या चंद्रपूरकडे तारेतला करंटही कमी नाही. रानडुकरं एका रात्रीत धानाची पार वाट लावतात, मग कुणीतरी बांधावर तार ओढून थेट लाईनवर आकडा टाकतो आणि डुकराऐवजी वाघच चिकटतो. उमरेडच्या जंगलातल्या फेमस जय वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे असाच गेला, वर तार लावणाऱ्याने घाबरून त्याला पुरूनही टाकलेला. कुंपणाच्या तारेला सोलरचं झटका मशीन लावलं तर नुसता झटका बसतो, जीव जात नाही, पण बॅटरी उतरली की डुकरं परत आत, आमच्या काकांनी तर वैतागून मशीन गोठ्यात टाकलंय नि आता रात्रभर जागलीला बसून तेलाचा डबा बडवतात.