आईच्या तिकिटावर बाबांचं नाव टाकायचं राहिलं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरला प्रतापनगरात राहतो. बहिणीच्या बाळंतपणासाठी आई जर्मनीला चाललीय, पहिल्यांदाच, तेही एकटी. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात तिच्या नावापुढे बाबांचंही नाव आहे. तिकिटावर मी फक्त तिचं नाव आणि आडनाव टाकलं. विमान कंपनी प्रवाशाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर आधीच तिकडच्या सरकारला कळवते, म्हणून जीवात जीव नाही. मुंबईच्या काउंटरवर आईला अडवलं तर?

शेंगेनचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाचा) 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहण्याचा नियम माहीत आहे, 30,000 युरोचा विमाही काढलाय. व्हिसाचा अर्ज अजून भरायचा आहे. आधी तिकिटावरचं नाव दुरुस्त करून घेऊ का? कुणाला असा अनुभव असेल तर कृपया सांगा.