मदत हवी आहे: खाडीतले कोपेपॉड (पाण्यात तरंगणारे इवलेसे कवचधारी जीव) रात्री जास्त खातात का, कसं ठरवू?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी ऐरोलीच्या जेट्टीवरून २४ तास, दर ३ तासांनी जाळी ओढून कोपेपॉड गोळा करायचेत. त्यांनी खाल्लेल्या शैवालाचं पोटातलं हरितद्रव्य ९०% अ‍ॅसिटोनमध्ये उतरवून फ्लुओरोमीटरवर मोजणार. आपल्या कोमट पाण्यात त्यांचं पोट तासाभराच्या आतच रिकामं होतं, म्हणून नमुना तिथल्या तिथे गोठवायलाच हवा.

खरी अडचण भरतीची. दिवसातून दोनदा पाणी चढतं, गाळ ढवळतो, त्याबरोबर शैवालही वर येतं. मग रात्री पोट हिरवं दिसलं तर ते अंधारामुळे की भरतीमुळे? आठवड्याने परत गेलं तर त्याच वेळेला भरतीऐवजी ओहोटी सापडते, पण तोवर उधाण (मोठी भरती-ओहोटी) जाऊन भांग (छोटी भरती-ओहोटी) आलेली असते. कुणी हा गुंता सोडवलाय का? आणि ठाणे-वाशीत किलोभर सुका बर्फ कुठे मिळेल?